नोंद नाही, म्हणजे पक्षी नाही?

नकाशावरील एखाद्या भागात पक्ष्याची एकही नोंद नसेल, तर तिथे पक्षी नाहीत असे समजायचे, की पाहणारेच कुणी नव्हते असे? सामान्य माणसांनी जमवलेल्या निरीक्षणांवर उभ्या राहणाऱ्या नागरिक विज्ञानाला या प्रश्नाला पदोपदी सामोरे जावे लागते. २००२मध्ये सुरू झालेल्या, पक्ष्यांच्या नोंदी ऑनलाइन जमवणाऱ्या ई-बर्डसारख्या उपक्रमात कुठे आणि कधी पाहायचे हे बहुतेक वेळा निरीक्षकच ठरवतो, आणि साहजिकच तो घराजवळ, रस्त्यालगत, सुटीच्या दिवशी, गळ्यात दुर्बीण अडकवून निर्धास्त उभे राहता येईल अशा जागी पाहतो.

ब्रिटन आणि अमेरिकेतील पाहण्यांत, अशा उपक्रमांत भाग घेणाऱ्यांमध्ये गौरवर्णीय आणि उच्चशिक्षित लोकांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त असल्याचे वारंवार आढळले आहे. याचे प्रतिबिंब माहितीत कसे पडते, ते अमेरिकेतील १९५ शहरांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. १९३०च्या दशकात तिथे गृहकर्जाच्या जोखमीनुसार वस्त्यांची प्रतवारी झाली आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून सर्वांत खालच्या प्रतीत ढकलल्या गेल्या. आज पक्ष्यांच्या नोंदी सर्वांत विरळ आहेत त्या याच वस्त्यांत, आणि ही तफावत घटण्याऐवजी वाढत गेली आहे. किती वेळ पाहिले, किती अंतर चालले हे नोंदलेले असेल तर संख्याशास्त्राने असमतोल काही प्रमाणात दुरुस्त करता येतो. पण जिथून काहीच येत नाही, तिथे इतर ठिकाणांवरून बांधलेला अंदाजच हाती उरतो. हवेच्या प्रदूषणाबाबत मला हे अधिक गंभीर वाटते, कारण लोकांनी स्वखर्चाने घराबाहेर लावलेले, प्रदूषण मोजणारे संवेदक सधन वस्त्यांत दाटतात.

इतरांना विज्ञानात रस नसतो, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील संशोधक लुई लीबेनबर्ग यांनी कलहारी वाळवंटातील सान या आदिवासी समाजाच्या, प्राण्यांचा माग काढणाऱ्या मागकाढ्यांचे ज्ञान नोंदवता यावे म्हणून ‘सायबरट्रॅकर’ हे हातातल्या छोट्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर विकसित केले. त्यांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे पडद्यावर शब्दांऐवजी चित्रे ठेवली गेली. प्राणी कोणता, तो चरत होता की पळत होता, एवढे चित्रांतून निवडायचे, आणि ठिकाण जीपीएसने नोंदवायचे. अडचण इथे मागकाढ्यांच्या ज्ञानात नव्हती, नोंदवहीच्या लिपीत होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी मध्य आफ्रिकेतील काँगो खोऱ्यातल्या म्बेंजेले या जंगलवासी लोकांबरोबर काम करताना चित्रांचाच आधार घेतला आणि त्यांच्या अ‍ॅपला ‘सापेली’ या वृक्षाचे नाव दिले. लाकूडतोड करणाऱ्यांच्या यादीत तो मौल्यवान लाकडाचा वृक्ष आहे. म्बेंजेलेंना मात्र त्यावर हंगामात येणाऱ्या, खाण्याजोग्या अळ्यांसाठी तो उभा हवा असतो. कशाची नोंद करायची हे ते लोक स्वतः ठरवतात, तेव्हाच तो अळ्यांचे झाड म्हणून नकाशावर येतो.