पाऱ्याचा थर्मोस्टॅट

खोलीचे तापमान ठरावीक पातळीवर राखण्यासाठी तापक अथवा शीतक यंत्रणा आपोआप चालू-बंद करणारे, पाऱ्याच्या स्विचवर आधारलेले भिंतीवरील उपकरण. अमेरिकेतील घरांत ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास आढळे. हेन्री ड्रायफस यांनी आरेखित केलेला, १९५३ मध्ये बाजारात आलेला हनीवेल कंपनीचा गोल टी-८७ हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय.

झाकण काढले की आत द्विधातू पट्टीची सर्पिल गुंडाळी दिसते आणि तिच्या एका टोकाला दोन-तीन सेंटिमीटर लांबीची बंद काचनळी बसवलेली असते, जिच्यात पाऱ्याचा एक चकचकीत थेंब आणि तारांची टोके असतात. हवा गार झाली की पट्टीतील दोन धातू कमीअधिक प्रमाणात आकुंचन पावतात, गुंडाळी किंचित फिरते, नळी कलते आणि पारा घरंगळून तारांच्या टोकांना जोडतो. विद्युत मंडल पूर्ण होऊन घर तापवणारी भट्टी पेटते. घरंगळलेल्या पाऱ्याच्या वजनाने नळी त्याच बाजूला आणखी झुकत असल्यामुळे जोडणी ठामपणे होते, काठावर थरथरत राहत नाही. स्पर्शबिंदू काचेत बंदिस्त असल्याने त्यांवर धूळ बसत नाही की गंज चढत नाही, म्हणून अशी उपकरणे अनेक दशके बिनतक्रार चालतात. मात्र ते भिंतीवर तिरके बसले, तर निवडलेले आणि प्रत्यक्ष तापमान यांत फरक पडतो.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेला असा बंदिस्त स्विच खरे तर उत्तम मानवला असता. पण जानेवारीतही घर तापवावे लागत नाही, तेथे त्याला काम कसले? मुंबईकर ‘थर्मोस्टॅट गेला’ म्हणतो तो बहुधा गिझरचा किंवा फ्रिजचा, आणि त्यांत सामान्यतः पारा नसतो. फ्रिज व जुन्या विंडो एसीमध्ये वायू भरलेली बारीक नळी तापमानानुसार दाब बदलून स्पर्शबिंदू उघडते-मिटते, तर इस्त्रीत नुसती द्विधातू पट्टी पुरते. येथील घरांत पारा आला तो मुख्यतः ज्वर मोजण्याच्या तापमापीतून आणि ट्यूबलाइटमधून.

काच शाबूत असेपर्यंत थर्मोस्टॅटमधील पारा निरुपद्रवी असतो. धोका उपकरण काढून टाकताना उद्भवतो, कारण एका नळीत साधारण ३ ग्रॅम, म्हणजे ज्वरमापीच्या कित्येक पट पारा असतो आणि त्याची बाष्पे मज्जासंस्थेला व मूत्रपिंडांना अपायकारक ठरतात. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारान्वये, काही अपवाद वगळता, पाऱ्याच्या स्विचचे उत्पादन व आयात-निर्यात थांबवण्यासाठी २०२० ही मुदत ठरली. भारताने हा करार २०१८ मध्ये अनुसमर्थित केला.

नळी फुटल्यास पंखा व एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात, थेंब जाड कागदाने एकत्र करून झाकणाच्या बरणीत भरावेत. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरल्यास पारा अधिकच विखुरतो. तो मोरीत सोडू नये आणि न फुटलेले उपकरणही भंगारवाल्याला देऊ नये. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये फुटलेल्या ज्वरमापींचा समावेश घरगुती घातक कचऱ्यात केला होता. थर्मोस्टॅटच्या नळ्याही तशाच वेगळ्या ठेवून सुपूर्द करणे योग्य.