सुकी फळे व आतड्यातील जीवाणू (खानदेश)

पिकलेल्या फळातले बहुतेक पाणी उन्हाने किंवा यंत्रातील गरम हवेने काढून टाकून टिकवलेला गर म्हणजे सुके फळ. मनुका, बेदाणे, खजूर, खारीक, अंजीर, जर्दाळू आणि सुका आलुबुखारा हे नेहमीचे प्रकार. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्यांना सुकी बोरे, वाळवलेली केळी आणि सातपुड्यातील आमचूर यांची जोड मिळते. किराणा दुकानात बदाम-काजूही याच फळीवर असतात, पण त्यांचा स्निग्धांश वेगळा विषय आहे. येथे तो घेतलेला नाही.

सुक्या फळांतून पोटात ‘चांगले जीवाणू जातात’ असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. दह्यातून जिवंत जीवाणू जातात, सुक्या फळांतून जातो तो मोठ्या आतड्यात आधीपासून राहणाऱ्या जीवाणूंचा खुराक. लहान आतड्यात न पचणारे तंतू, विशेषतः पेक्टिन, पुढे सरकतात. आलुबुखाऱ्यात सॉर्बिटॉल हा अर्धवट शोषला जाणारा शर्करा-मद्यार्क (साखरेसारखा गोड पदार्थ, दारू नव्हे) १०० ग्रॅमला सुमारे १५ ग्रॅम असतो. तो सोबत पाणीही ओढून नेतो. फळांतील पॉलिफेनॉल या संयुगांचाही मोठा भाग न शोषता खाली पोहोचतो. जीवाणू हे सगळे वापरतात, आणि तंतू व सॉर्बिटॉल आंबवताना ॲसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरेट हेच. याच आंबण्यातून वायूही होतो, म्हणून मूठभर अंजीर खाल्ल्यावर पोट गुरगुरले तर त्यात बिघडले असे काही नसते.

निरोगी प्रौढांवर झालेल्या चाचण्यांचे निकाल जाहिरातींपेक्षा बरेच मवाळ आहेत. लंडन येथील एका चाचणीत (२०१९) १२० जणांना तीन गटांत वाटून चार आठवडे रोज ८० ग्रॅम आलुबुखारा, १२० ग्रॅम आलुबुखारा किंवा नुसते पाणी देण्यात आले. आलुबुखारा खाणाऱ्यांत मलाचे वजन व शौचाची वारंवारता वाढली, ‘चांगल्या’ समजल्या जाणाऱ्या बायफिडोबॅक्टेरिया या जीवाणू-गटाची संख्याही थोडी वाढली. मात्र मलातील लघुशृंखल मेदाम्लांत फरक दिसला नाही. रीडिंग विद्यापीठाच्या चाचणीत (२०१५) २२ जणांनी २१ दिवस रोज सात खजूर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, खाल्ले. पोट अधिक नियमित साफ झाले, मलातील अमोनिया घटला, पण जीवाणूंच्या गटांत लक्षणीय बदल झाला नाही. फ्लोरिडातील १३ जणांनी १४ दिवस दिवसातून तीनदा २८.३ ग्रॅम मनुका खाल्ल्या तेव्हा (२०१९) जीवाणूंची एकूण विविधता तीच राहिली. ब्युटिरेट तयार करणारा फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी वाढला, तर बायफिडोबॅक्टेरिया चक्क घटले. म्हणजे एकाच गटाचा जीवाणू आलुबुखाऱ्याने वाढतो आणि मनुकांनी कमी होतो. ‘सुकी फळे खा, चांगले जीवाणू वाढवा’ हे सरसकट विधान त्यामुळे टिकत नाही.

लंडनच्या चाचणीतली माणसे मुद्दाम कमी तंतू खाणारी आणि आठवड्यात तीन ते सहा वेळाच शौचास जाणारी निवडली होती. अशा कोरड्या रानात थोडे पाणीही उठून दिसते. खानदेशातल्या पारंपरिक ताटाची गोष्ट वेगळी. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळलेला असतो, आणि उडदातील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा माणसाला पचत नाहीत, जीवाणूंना मात्र आवडतात. शेजारी भरीत आणि ठेचा. ही भाकरी दोन वेळा खाणाऱ्याला मूठभर मनुकांनी लंडनइतका फरक पडेल असे धरून चालू नये. सकाळी पाव-बिस्किटे, दुपारी मैद्याची पोळी आणि रात्री शेवभाजी असे जेवण झालेल्या शहरी घरांत तो अधिक दिसण्याची शक्यता आहे.

खानदेशाचे खास फळ केळी; जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळीचे सुकवलेले पदार्थ मात्र जीवाणूंच्या दृष्टीने एकसारखे नाहीत. कच्च्या केळीत पिष्ट भरपूर असते आणि त्यातील बराच भाग ‘प्रतिरोधी’, म्हणजे लहान आतड्यात न पचणारा असतो. रुमिनोकॉकस ब्रॉमाय हा जीवाणू तो फोडतो आणि बाकीच्यांना वाट करून देतो. कच्ची केळी मंद आचेच्या हवेत वाळवून केलेल्या पिठात हे पिष्ट बऱ्यापैकी टिकते. त्याच पिठाचे थालीपीठ भाजले की घटते. वेफर्सचे काप कच्च्याच केळीचे असले तरी कढईतल्या तेलात पिष्टाची रचना मोडते, वर तेल आणि मीठ. पिकलेली केळी वाळवून केलेल्या काळपट, चिकट पट्ट्यांत पिष्टाची साखर झालेली असते, तंतू मात्र उरतात.

जळगावच्या मेहरूण भागातील बोरे प्रसिद्ध आहेत. वाळलेल्या बोराचा गर कुटून बोरकूट होते. मुले ते चिमटीने, मिठाबरोबर चाटतात. धडगावकडे कच्च्या आंब्याच्या फाका उन्हाळ्यात वाळवून आमचूर करतात. हे दोन्ही चवीपुरते पोटात जाते, तेव्हा त्यांचे गुणगान आंबटपणापुरतेच ठेवावे.

पिवळे बेदाणे आणि नारिंगी जर्दाळू यांचा रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात. यातून उरणारे सल्फाइट प्रयोगशाळेत लॅक्टोबॅसिलस गटातील काही उपयुक्त जीवाणूंची वाढ रोखते असे २०१७ मध्ये दिसले. माणसाच्या आतड्यापर्यंत ते कितपत पोहोचते हा निराळा प्रश्न आहे. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा थेट त्रास होतो.

पाणी उडाल्याने साखर एकवटते: मनुकांत १०० ग्रॅमला ६० ग्रॅमहून जास्त. चाचण्यांत रोजचे प्रमाण साधारण ५० ते १२० ग्रॅम होते, ते मधुमेहींनी तसेच उचलू नये. ज्यांचे आतडे मुळात संवेदनशील आहे त्यांना आलुबुखारा व जर्दाळूतील सॉर्बिटॉलने पोटफुगी आणि जुलाब होऊ शकतात. त्यांनी दोन-तीन नगांपासून सुरुवात करावी आणि पाणी जास्त प्यावे, विशेषतः भुसावळच्या मे महिन्यात.