मत्तयकृत की मत्तयानुसार? चार शुभवर्तमानांमागची गोष्ट

गुड फ्रायडेला दुपारी 12 ते 3 चर्चमध्ये बसणाऱ्यांना येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार क्रमाने पाठ असतात. पण बायबल उघडून शोधायला बसलात तर हे सात उद्गार कुठेच एकत्र सापडत नाहीत. मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चार चरित्रं. सातांपैकी तीन उद्गार फक्त लूकात, तीन फक्त योहानात, आणि उरलेला एक मत्तय आणि मार्कात. मार्क वाचला तर येशू वधस्तंभावर एकच वाक्य बोलतो, "एलोई, एलोई, लमा सबख्थनी?", म्हणजे माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. त्यानंतर एक मोठी आरोळी आणि प्राण जातो, बस. लूकात हे वाक्यच नाही, तिथे शेवटी तो म्हणतो "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो". योहानात "पूर्ण झाले आहे". पहिलं स्तोत्र 22 मधलं, दुसरं स्तोत्र 31 मधलं, म्हणजे ओठांवरचं स्तोत्रसुद्धा बदललंय.

मागे आमच्या बायबल क्लासमध्ये एका मावशींनी विचारलं, "मग शेवटचं खरं काय बोलला तो?" त्यावर लगेच दोघातिघांनी क्रम जुळवून द्यायला सुरुवात केली, आधी हे, मग ते, मग ते. मावशी गप्प बसल्या, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं हे दिसत होतं. आणि माझं मत विचाराल तर त्यांचा प्रश्न जास्त प्रामाणिक होता. क्रम जुळवायची ही सवय आली कुठून, ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात शीर्षकापासूनच करू, कारण मराठीत खरी गाठ तिथे पडलीय. आपल्या बायबलमध्ये लिहिलेलं असतं "मत्तयकृत शुभवर्तमान", सोप्या भाषांतरात "मत्तयने लिहिलेले". मूळ ग्रीक हस्तलिखितांत शब्द आहे "काता", म्हणजे "नुसार", आणि लॅटिनमध्येही तसाच शब्द घेतला गेला. इजिप्तमध्ये मिळालेला एक जुना पपायरस आता व्हॅटिकनमध्ये आहे, बरेच तज्ज्ञ तो तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात. त्याच्या एका पानावर लूक संपतो, खाली लिहिलंय "शुभवर्तमान लूकानुसार", थोडी जागा सोडलीय आणि लगेच त्याच पानावर "शुभवर्तमान योहानानुसार" म्हणून पुढचं सुरू. ते पान बघितलं की डोक्यात प्रकाश पडतो. शुभवर्तमान एकच आहे आणि ते सांगणारे वेगवेगळे आहेत, असं ते शीर्षक म्हणतंय. "लूकाचं पुस्तक" असं ते म्हणत नाहीये.

"कृत" म्हटलं की मराठी कानाला काय ऐकू येतं? रामदासकृत, एकनाथकृत. म्हणजे कर्ता, रचना त्याची, जबाबदारी त्याची. मग चार कर्ते झाले की चार ग्रंथ झाले, चार ग्रंथांत फरक दिसला की कुणीतरी चुकलं असणार, आणि कुणीच चुकलेलं नसेल तर मग चौघांचं जुळवून एक करायला पाहिजे. एका प्रत्ययाने वाचणाऱ्याला ह्या रस्त्याला लावलं असं मला वाटतं. "नुसार" म्हटलं असतं तर वाचणारा आधीपासूनच तयार राहिला असता, की बाबा हे मार्काच्या तोंडून ऐकतोय, आता योहानाच्या तोंडून. 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मत्तयाचं मराठी भाषांतर छापलं गेलं तेव्हापासून किती भाषांतरं झाली, सुधारून झाली, पण "कृत" कानात इतकं बसलंय की ते बदलायचं म्हटलं तरी माणसं दचकतात. शीर्षकं मूळ लेखकांनी दिलेली नाहीत, नंतर जोडलेली आहेत, असं बहुतेक अभ्यासक सांगतात, हे खरं. पण ज्यांनी जोडली त्यांनी विचार करून "काता" निवडला, निदान तेवढा तरी मान ठेवायला हवा.

आता मुख्य निर्णय. चारच्या चार ठेवायचे हे सुरुवातीला ठरलेलंच होतं असं नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर काळ्या समुद्राकाठून रोमला आलेल्या एका श्रीमंत जहाजमालकाने सगळं सोडून एकटा लूक ठेवला, तोही कापून. रोममधल्या मंडळीने, म्हणजे चर्चने, त्याला बाहेर काढलं. मग साधारण 170 च्या सुमारास मूळच्या पूर्वेकडच्या एका विद्वानाने उलटा उपाय केला, चारही घेतले आणि त्यांची वीण घालून सलग एक गोष्ट केली. नाव डायटेसरॉन, म्हणजे "चारांतून". सिरियाक (अरामी भाषेचं एक रूप) बोलणाऱ्या मंडळ्यांमध्ये हेच पुस्तक दोनेकशे वर्षं शुभवर्तमान म्हणून वाचलं जात होतं. त्याला ते "मिसळलेलं शुभवर्तमान" म्हणायचे आणि चार वेगळ्यांना "सुटं केलेलं". म्हणजे तिथे मिसळलेलं हेच रोजचं होतं आणि सुटं हे नवीन!

ही वीण कशी होती त्याचा एक तुकडा 1933 साली फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस ह्या उद्ध्वस्त शहरात चर्मपत्रावर सापडला, जेमतेम 14 ओळी. (हा डायटेसरॉनचाच आहे का यावर वाद आहे, पण वीण तशीच आहे.) शहर 256 च्या आसपास पडलं, म्हणजे तुकडा त्याच्या आधीचा. अरिमथाईकर योसेफ येशूचं प्रेत मागायला येतो तो प्रसंग. तो "चांगला व नीतिमान" आहे हे लूकातून आलंय, तो येशूचा शिष्य पण भीतीमुळे गुप्त, हे योहानातून, आणि दोन्ही एकाच वाक्यात बसवलेत. वाचायला सुंदर लागतं. पण लूकाचा योसेफ हा न्यायसभेचा चांगला सभासद आहे आणि योहानाचा योसेफ घाबरलेला माणूस आहे, ही दोन वेगळी चित्रं. मिसळल्यावर एकही धड उरत नाही.

तिकडे गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) ल्योनच्या बिशपने 180 च्या सुमारास ठाम लिहून ठेवलं की शुभवर्तमानं चारच, जास्त नाही कमी नाही, दिशा चार, वारे चार. आज हे कारण कुणाला पटणार नाही पण निर्णय टिकला. पाचव्या शतकात सिरियातल्या सिरसच्या बिशपने आपल्या भागातल्या चर्चेसमधून डायटेसरॉनच्या 200 हून जास्त प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि जागी चार सुटी शुभवर्तमानं दिली. एवढ्या प्रती काढून घेणं मला आवडत नाही, त्यात बरंच काही कायमचं गेलं. तरी मंडळीने फरक पुसायचा तयार उपाय हातात असून तो नाकारला, हे विसरून चालणार नाही.

पण लोकांची ओढ एका गोष्टीकडेच राहिली, आणि ते समजण्यासारखंही आहे. नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्यात मेंढपाळ लूकातले, ज्ञानी लोक मत्तयातले, आणि मत्तयात तर ते "घरात" जातात, तिथे गव्हाणी नाहीच. आपल्याकडे 1616 साली गोव्यात रायतूरला छापलेलं ख्रिस्तपुराण बघा, इंग्लंडहून आलेल्या एका जेझुइट फादरने मराठी ओवीत सलग चरित्र सांगितलं. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसांसाठी ते बरोबरच होतं, आणि ओव्या इतक्या गोड आहेत की तक्रार करवत नाही. सात उद्गारांची तीन तासांची उपासनासुद्धा 17व्या शतकाच्या अखेरीस पेरूमधल्या लिमाला सुरू झाली असं मानतात, म्हणजे ती आपल्याला वाटते तेवढी पुरातन नाही.

त्रास झाला तो जुळवाजुळव हा श्रद्धेचा पुरावा बनला तेव्हा. 1537 साली एका जर्मन लूथरपंथी विद्वानाने नियमच केला की तपशील वेगळा म्हणजे घटना वेगळी, आणि त्यामुळे याईराची मेलेली मुलगी दोनदा जिवंत झाली, काट्यांचा मुकुट दोनदा घातला गेला! पुढे 1774 च्या सुमारास दुसऱ्या एका जर्मन प्राध्यापकाने मत्तय, मार्क, लूक शेजारी शेजारी रकान्यांत छापले आणि उघड सांगितलं की मी एक क्रम लावायला बसलेलो नाही. "सिनॉप्टिक", म्हणजे एकत्र पाहण्याची, हा शब्द तिथून रुळला. रकाने समोर आले आणि लक्षात आलं की मार्काच्या साधारण 660 वचनांपैकी 600 च्या आसपास मत्तयात कुठल्या ना कुठल्या रूपात आहेत, म्हणजे मत्तयाने मार्क समोर ठेवून लिहिलं असणार. 19व्या शतकात हे मत पक्कं होत गेलं, आणि मग प्रश्नच पालटला. कोण खरं हे मागे पडलं, मत्तयाने इथे हा शब्द का बदलला असेल हे विचारायला लागले.

कॅथलिक बाजूने हे मान्य व्हायला वेळ लागला. 1964 साली रोमहून निघालेल्या पत्रकात तीन टप्पे मांडले: येशू काय बोलला-वागला, प्रेषितांनी ते कसं सांगितलं, आणि शुभवर्तमानकारांनी आपापल्या मंडळीसाठी त्यातून काय निवडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या दस्तऐवजातही तेच आलं. प्रोटेस्टंटांमध्ये मात्र ओढाताण चालूच. 1976 साली अमेरिकेत एका पुस्तकाने, येशूला मी ओळखत नाही असं शिष्य पेत्र म्हणतो त्या नाकारण्याचं गणित मांडलं. मार्कात कोंबडा दोनदा आरवतो, बाकीच्यांत दोनदाचा उल्लेख नाही, म्हणून पेत्राने सहा वेळा नाकारलं. चारही शुभवर्तमानं तीनदा म्हणतात आणि त्यांना वाचवायला सहा करायचं! पण दोनच वर्षांनी शिकागोत निघालेलं जाहीर निवेदन, जे बायबल निर्दोष आहे यावर अत्यंत कडक आहे, तेसुद्धा म्हणतं की मजकुराची विषयवार मांडणी किंवा समांतर वृत्तांतांत वेगवेगळी निवड असली म्हणून बिघडत नाही. आपल्याकडे त्या निवेदनाचं नाव घेणारे हे कलम क्वचित वाचून दाखवतात.

योहानात येशू वल्हांडणाच्या (यहुदी सणाच्या) तयारीच्या दिवशी मरतो, कोकरं मारली जातात त्या दिवशी. बाकी तिघांत आदल्या रात्रीचं जेवण हेच वल्हांडणाचं जेवण. दिवस जुळवायला बसलं की योहानाच्या पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूला "हा पाहा देवाचा कोकरा" का म्हणतो ते हातातून निसटतं.

मावशींना पुढच्या वर्षी मी फक्त मार्काचा 15वा अध्याय वाचून दाखवला, 34व्या वचनावर थांबलो, पुढचे सांत्वनाचे उद्गार जोडले नाहीत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आता लूक वाच, पण उद्या.