मेमरी खातो एक, मरतो दुसरा

पहाटे कधीतरी सर्व्हरवरचा डेटाबेस बंद पडतो. लॉग उघडला की शेवटी एक ओळ सापडते: ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’, आणि पुढे डेटाबेसचं नाव. मग सगळे डेटाबेसच्या मागे लागतात. क्वेऱ्या तपासतात, बफर कमी करतात, मशीनला आणखी रॅम लावतात. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. कारण बऱ्याचदा डेटाबेसने काहीच खाल्लेलं नसतं; मेमरी खुद्द कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटात गेलेली असते.

साधा प्रोग्राम मेमरी घेऊन परत करायला विसरला, तरी तो संपला की कर्नल त्याच्याकडून सगळी वसुली करून घेतो. कर्नलकडून वसुली करणारं मात्र कुणी नाही. त्याच्या आत हरवलेला तुकडा मशीन रीबूट होईपर्यंत हरवलेलाच राहतो.

समजा, नेटवर्कचा ड्रायव्हर (कर्नलच्या आत राहून नेटवर्क कार्ड चालवणारा कोड) प्रत्येक पॅकेटमागे ६४ बाइटचा तुकडा मागतो आणि काम झालं की परत देतो. पॅकेट खराब निघालं, तर फंक्शनमधून मध्येच बाहेर पडायची एक वाट असते. नेमकी त्या वाटेवर तुकडा परत द्यायची ओळ लिहायची राहून गेली आहे. सेकंदाला अशी १०० पॅकेटं आली, तर दिवसाला ५५ कोटी बाइट, म्हणजे अर्ध्या जीबीहून जास्त मेमरी गळते. १६ जीबीचं मशीन महिनाभरात आडवं होतं. तासाभराच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही.

मेमरी संपली आणि कुठूनच मोकळी करता येईना, की लिनक्सचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर उठतो. तो प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, गुण देतो: रॅममध्ये किती, स्वॅपमध्ये (रॅमबाहेर डिस्कवर ठेवलेली) किती, मेमरीचे पत्ते नोंदवणाऱ्या पेज टेबलांना किती. ॲडमिनने वेगळं काही ठरवून दिलं नसेल, तर सर्वांत मोठा जातो. ड्रायव्हरने गिळलेली मेमरी या हिशेबात येतच नाही. म्हणून लॉगची शेवटची ओळ फक्त मेला कोण ते सांगते. खाल्लं कुणी, ते तिच्या वर लिहिलेलं असतं, आणि तोच भाग सहसा कुणी वाचत नाही.

तो वाचू या. त्यात प्रोसेसांचा तक्ता असतो आणि त्यात ‘आरएसएस’ नावाचा रकाना: प्रोसेसची रॅममध्ये असलेली मेमरी. हे आकडे केबीत नसतात, पानांत असतात; पान म्हणजे कर्नलचं मेमरी मोजायचं माप. नेहमीच्या मशीनवर एक पान ४ केबीचं. इथे भलेभले फसतात. १६ जीबीच्या मशीनवर या रकान्याची बेरीज ७ लाख पानं आली, तर सगळ्या प्रोसेसांकडे मिळून पावणेतीन जीबीसुद्धा नाही. एकमेकांत वाटलेली पानं या बेरजेत अनेकदा मोजली जातात, म्हणजे खरा आकडा आणखी कमीच. मग बाकीची कुठे गेली? त्याच लॉगमध्ये ‘स्लॅब अनरिक्लेमेबल’ शोधा, म्हणजे कर्नलने स्वतःसाठी घेतलेली, गरज पडली तरी सोडवून न घेता येणारी मेमरी. तिथे २८ लाख पानं असतील, तर साडेदहा जीबीहून जास्त मेमरी कर्नलने धरून ठेवली आहे.

स्लॅब ही जेफ बॉनविक यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना १९९४ मध्ये मांडलेली पद्धत: एका मापाच्या वस्तूंसाठी पानांचे आधीच सारखे खण पाडून ठेवायचे. पण नुसता स्लॅब फुगला म्हणून गळती ठरवू नये. फाइलींची नावं आणि आयनोड (फाइलीविषयीच्या नोंदी) कर्नल मुद्दाम साठवून ठेवतो आणि गरज पडली की सोडतो. हा भाग ‘रिक्लेमेबल’मध्ये मोजला जातो. काळजी दुसऱ्या, ‘अनरिक्लेमेबल’ भागाची करायची, तीही एका आकड्यावरून नाही. प्रत्येक खण किती भरला ते दाखवणाऱ्या ‘स्लॅबटॉप’ या कमांडचा आकडा आज टिपा, काही तासांनी पुन्हा टिपा. काम कमी झालं तरी न उतरता चढतच राहणारा खण म्हणजे पक्का संशयित.

अडचण अशी, की ‘केमॅलॉक-६४’ हा ६४ बाइटच्या तुकड्यांचा सामाईक खण कर्नलमधल्या असंख्य ठिकाणांहून वापरला जातो. विंडोजने यावर पूर्वीच उपाय केला: मेमरी मागतानाच ड्रायव्हर चार अक्षरांचा टॅग देतो आणि ‘पूलमॉन’ या टूलमध्ये टॅगनुसार हिशेब दिसतो. लिनक्समध्ये कोडच्या ओळीनुसार हिशेब ठेवायची सोय २०२४ च्या ६.१० आवृत्तीत आली. ती फार आधी यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आधार होता ‘केमेमलीक’ या लिनक्सच्या गळतीशोधकाचा, आणि आजही आहे. २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत तो कर्नलमध्ये आला. त्याची कल्पना मला फार आवडते. कर्नलने दिलेल्या प्रत्येक तुकड्याची तो नोंद ठेवतो. मग कर्नलचा ग्लोबल डेटा आणि स्टॅक (चालू फंक्शनांची तात्पुरती मेमरी) चाळतो. एखाद्या तुकड्याचा पत्ता कुठे सापडला, तर तो तुकडा जिवंत. मग त्या तुकड्याच्या आतही शोध. शेवटी ज्यांचा पत्ता कुणाकडेच नाही ते तुकडे उरतात. पत्ताच हरवला तर परत कोण देणार? अशा प्रत्येक अनाथ तुकड्याबरोबर तो कोणत्या फंक्शनमधून मागितला गेला, हेही छापून येतं. मात्र एखादा साधा आकडा योगायोगाने पत्त्यासारखा दिसला, तर गळती लपते. शिवाय मशीन मंदावतं, म्हणून हे चाचणीच्या कर्नलवरच चालवतात.

सगळ्या आउट ऑफ मेमरी गळतीच्या नसतात. ‘ऑर्डर ४’ची मागणी म्हणजे सलग १६ पानं; मोकळी पानं भरपूर असूनही विखुरलेली असली, तर ही मागणी फसू शकते. तिथे गळती शोधण्यात वेळ घालवू नये. उलट, काही ड्रायव्हर स्लॅबला वळसा घालून थेट पानं उचलतात. ती ‘मेमइन्फो’त, म्हणजे लिनक्सच्या मेमरीच्या ताळेबंदात, कोणत्याच नावाखाली येत नाहीत. सगळे रकाने जोडूनही एकूण मेमरी भरत नसेल, तर तो फरकच पुरावा, आणि त्यासाठी कोणतं पान कुणी घेतलं याची नोंद ठेवणारा ‘पेज ओनर’ लावावा लागतो.

सर्वांत चिवट गळती रेफरन्स काउंटची, म्हणजे एखादी वस्तू किती जण वापरताहेत त्या मोजणीची; ती शून्यावर आली की वस्तू परत जाते. वस्तू यादीत असते, तिचा पत्ता शाबूत असतो, केमेमलीकला ती जिवंत दिसते. फक्त कुणीतरी काउंट एकने वाढवून उतरवायला विसरलेलं असतं, आणि तो शून्यावर कधीच येत नाही. तिथे क्रॅश डंप (कर्नलच्या मेमरीची प्रत) घेऊन एकेक वस्तू उघडावी लागते, आणि तिला खरोखर धरून असलेले किती आणि काउंट किती, हे हाताने मोजावं लागतं.