तिरुपतीच्या वाटेवरची लाल दरी : गंडिकोट्याचा बेत ठरवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे बालाजीला जाणारी मंडळी अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव अशा गावांतून येतात. अलीकडे त्यांतले बरेच जण मोबाइलवर लाल कड्यांचा एक फोटो दाखवतात आणि विचारतात, "हे वाटेतच आहे ना? मग तासभर थांबू." वाटेत आहे, हे खरं. पण तासभरच थांबायचं असेल तर जाऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. गंडिकोट्याला एक रात्र द्या. हे माहितीपत्रक त्यासाठीच काढलं आहे.

तेलुगूत 'गंडी' म्हणजे नदीने डोंगरात पाडलेली खिंड आणि 'कोटा' म्हणजे किल्ला. आंध्र प्रदेशातल्या कडपा जिल्ह्यात, जम्मलमडुगूपासून सुमारे १५ किलोमीटरवर, पेन्ना नदीने एर्रमला डोंगर चिरत नेला आहे. 'एर्र' म्हणजे लाल, म्हणजे डोंगराच्या नावातच रंग आला. कडे साधारण ३०० फूट खोल उतरतात. 'भारताची ग्रँड कॅन्यन' असं कोणी म्हटलं तर तेवढं मनावर घेऊ नका; अमेरिकेतली ती दरी मैलभराहून खोल आहे. तुलना सोडून बघितलं तर गंडिकोटा डोळ्यांत मावत नाही.

आपण खान्देशी माणसं काळ्या दगडात वाढलो. अजिंठ्याला वाघूर नदीने कापलेली नालाच्या आकाराची दरी आपण शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. तो दगड लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गंडिकोट्याचा दगड शंभर कोटी वर्षांहून जुना आणि मुळात वाळूचा. पाण्याखाली थरावर थर बसले, दाबाने घट्ट झाले आणि वाळूतल्या लोखंडाने त्यांना तांबडा रंग दिला. बरेच जण त्याला ग्रॅनाइट म्हणतात, ते चूक आहे. हा वालुकाश्म, दाबाने गारगोटीसारखा टणक झालेला. आडव्या थरांना उभ्या भेगा गेल्यामुळे कडा पाहिला की जिनिंगच्या आवारात रचलेल्या कापसाच्या गाठींची थप्पी आठवते. तसेच चौकोनी, तसेच एकावर एक.

आता रात्र का, ते सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही गाडी भर दुपारी एकला नेली होती. ऊन सरळ डोक्यावर. त्या उजेडात कडे फिकट, धुळकट दिसतात, थर उठून दिसत नाहीत आणि दगड तव्यासारखा तापलेला असतो. पारोळ्याच्या एक आजी देवळाच्या मंडपात सावलीला बसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "इतलासाठे इतला दूर लई उनात का रे भाऊ?" म्हणजे, एवढ्यासाठी इतक्या लांब घेऊन आलात का? आम्हाला उत्तर सुचलं नाही. पुढच्या वर्षी मुक्काम ठेवला. संध्याकाळी ऊन तिरपं झालं तशी प्रत्येक थराखाली सावलीची रेघ उमटली, दगड विटेसारखा लाल झाला आणि खाली नदीचं पाणी हिरवट काळं दिसू लागलं. सूर्य मावळल्यावर कड्यावरच्या दगडाला हात लावला तर तो अजून कोमट होता. पहाटे तोच दगड गार लागला. हा फरक ज्याने अनुभवला, त्याने दरी पाहिली असं आम्ही धरतो.

किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. रंगनाथस्वामींचं आणि माधवरायाचं अशी दोन देवळं, जामा मशीद आणि प्रचंड मोठं धान्याचं कोठार आवर्जून पाहा. विजयनगरच्या काळात इथे पेम्मसानी नायकांचा अंमल होता, पुढे गोवळकोंड्याच्या मीर जुमल्याने किल्ला घेतला. १६५२ साली फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये त्याला इथेच येऊन भेटला होता.

बेत असा आखा. आधी तिरुमलाच्या दर्शनाची तारीख पक्की करा. ३०० रुपयांच्या विशेष प्रवेशाची तिकिटं देवस्थान दोन-तीन महिने आधी ऑनलाइन सोडतं आणि ती लगेच संपतात. ती तारीख हाती आली की मागे मोजा. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसने निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी गुंतकलला उतरायचं. तिथून आमची गाडी. वाटेत ताडिपत्रीला पेन्नेच्या काठावरचं बुग्गा रामलिंगेश्वराचं मंदिर आणि जमलं तर बेलमच्या गुहा. तीन किलोमीटरहून लांब, चुनखडीतल्या. आत दमट उकाडा असतो, दम्याचा त्रास असलेल्यांनी बाहेरच थांबावं. काहीही झालं तरी चारच्या आत गंडिकोट्याला पोहोचायचं; उशीर होत असेल तर आम्ही गुहा सोडतो, संध्याकाळ सोडत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदय बघून नाश्ता, मग कडप्यावरून तिरुपती. तो रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस होऊ शकतो, म्हणून कापसाची वेचणी आटोपल्यावर, जानेवारीतला बेत आम्हाला जास्त पसंत. एप्रिल-मे मध्ये आम्ही ही सहल नेत नाही. "जळगावच्या उन्हाची सवय आहे" असं कितीही सांगितलं तरी नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कड्याच्या टोकाला कठडा नाही. मशीद ओलांडून पुढे गेलं की पायवाट संपते आणि मोठमोठ्या दगडांवरून चालावं लागतं. दोन दगडांच्या मध्ये पाऊल जाईल एवढ्या फटी आहेत. चप्पल नको, पकड असलेले बूटच घाला. साडी नेसणाऱ्या महिलांनी ती खोचून घ्यावी किंवा त्या संध्याकाळपुरता पंजाबी ड्रेस ठेवावा. मुलांचा हात सोडू नका. सेल्फीसाठी टोकाला पाठ करून उभं राहू नका. आमचा माणूस मागे ओढेल, तेव्हा राग मानू नका. गुडघेदुखी असलेल्यांसाठी आम्ही आधीच सपाट दगडावर सतरंजी टाकतो. तिथूनही दरी चांगली दिसते.

मुक्काम पर्यटन महामंडळाच्या हरिता हॉटेलात. शनिवार-रविवार खोल्या लवकर भरतात, म्हणून शक्यतो मधले वार धरा. जेवण रायलसीमेचं, झणझणीत. नाचणीचा उंडा आपल्या कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्यांना आवडतो. रोख पैसे जम्मलमडुगूतच काढून ठेवा. माणशी दोन लिटर पाणी आणि एक टॉर्च जवळ असू द्या, कारण अंधार पडल्यावर परतीची वाट दगडांतूनच आहे.

नाव नोंदवताना वय, गुडघ्याचा किंवा दम्याचा त्रास आणि दर्शनाची तारीख एवढं आम्हाला सांगा. गाडीत कोणाला पुढची जागा द्यायची, हे आम्ही त्यावरून ठरवतो.