कोळशाचा महसूल : रॉयल्टी, उपकर आणि केंद्र-राज्य हिशेब

राणीगंज पट्ट्यात १७७४ साली खाणकाम सुरू झाले आणि पुढे रेल्वेने कोळशाला मोठे गिऱ्हाईक दिले. महसुलाची गोष्ट मात्र १९५७च्या खनिज कायद्यापासून धरावी. रॉयल्टीचा, म्हणजे खनिज काढण्याबद्दल खाणचालकाने द्यायच्या मोबदल्याचा, दर केंद्राने ठरवायचा आणि पैसा राज्यांच्या तिजोरीत जायचा, अशी ही रचना. तीन वर्षांत एकदाच दर वाढवता येतो, हे बंधनही त्यातलेच. १९७२-७३च्या राष्ट्रीयीकरणानंतर बहुतेक खाणी केंद्राच्या ताब्यात गेल्या. म्हणजे दर ठरवणारा आणि भरणारा एकाच घरचा झाला.

दर टनामागे ठरावीक रुपयांत असल्यामुळे कोळसा महागला तरी राज्यांच्या पदरात जादा काही पडत नसे. मग राज्यांनी रॉयल्टीवरच उपकर, म्हणजे वरचा जादा कर, लावले. १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी असा उपकर बेकायदा ठरवला. त्या निकालात ‘रॉयल्टी हा कर आहे’ असे एक वाक्य होते. ही मुद्रणातली चूक असून ‘रॉयल्टीवरील उपकर हा कर आहे’ असे वाचावे, असे २००४मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले. लहान पीठाने मोठ्या पीठाचे वाक्य दुरुस्त केले, आणि गुंता सुटायच्या ऐवजी वाढला. अखेर २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींनी ८ विरुद्ध १ असा निकाल दिला : रॉयल्टी हा कर नव्हे, तो खाणपट्ट्याचा मोबदला आहे, खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा, संसद त्याला मर्यादा घालू शकते. १ एप्रिल २००५पासूनची मागणी करता येईल, पण भरणा १ एप्रिल २०२६पासून १२ वर्षांच्या हप्त्यांत, हे १४ ऑगस्टला ठरले. निकालाआधीच्या काळाच्या मागणीवरील व्याज-दंडही माफ झाला. राज्यांना तत्त्व मिळाले, रोकड लांबली.

दरम्यान २००७मध्ये ठरावीक रक्कम अधिक किमतीचा काही टक्का असे सूत्र आले. मे २०१२पासून सरळ १४ टक्के. पश्चिम बंगाल स्वतःचा उपकर घेत असल्याने तिथे जुना, नाममात्र प्रतिटन दरच राहिला. किमतीवर टक्का म्हणजे प्रतवारीवर टक्का : नमुन्याचे उष्मांकमूल्य (जळताना मिळणारी उष्णता) एक पायरी घसरले की किंमत उतरते आणि राज्याची रॉयल्टीही. २०१५पासून जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के जादा रक्कम खाणबाधित भागांसाठीच्या जिल्हा खनिज निधीत जाते.

केंद्राने २०१०मध्ये टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावला आणि २०१६पर्यंत तो ४०० केला. त्यातला बराच पैसा स्वच्छ ऊर्जेच्या निधीपर्यंत पोचलाच नाही. २०१७मध्ये तेच ४०० रुपये जीएसटी भरपाई उपकर (जीएसटीमुळे राज्यांची होणारी तूट भरण्यासाठीचा) झाले. हलक्या प्रतीच्या, स्वस्त कोळशावर हा बोजा उघडच जड होता. २२ सप्टेंबर २०२५ला उपकर गेला आणि जीएसटी ५वरून १८ टक्के झाला.

समजा कोळसा टनाला २,००० रुपये. रॉयल्टी २८०, जिल्हा निधी ८४, खनिजशोधासाठीचा अन्वेषण निधी (रॉयल्टीच्या २ टक्के) ५.६०, करपात्र रक्कम २,३६९.६०. जुन्या पद्धतीत ११८.४८ अधिक ४०० म्हणजे ५१८.४८ कर, नव्या दराने ४२६.५३. करपात्र रक्कम ३,०७७च्या आसपास गेली की दोन्ही सारखे, त्यापुढे नवा कर महाग. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीजकेंद्राला या कराची वजावट मिळत नाही; तो वीजदरातच मिसळतो.