रबाळ्याला आठवलेला चमचा

ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल सुटली तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. चमच्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? सकाळी डबा भरताना तो पडला होता, आणि मोबाईल हाताशी असूनही त्यात बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. शब्द अगदी ओठांवर होता. तीन अक्षरी आहे, मध्ये 'चा' आहे, शेवटी 'आ' येतो म्हणजे स्त्रीलिंगी आहे, एवढं सगळं कळत होतं. दिघा गाव गेलं. ऐरोलीला निम्मा डबा रिकामा झाला. रबाळ्याला गाडी थांबता थांबता, मी भलत्याच विचारात असताना, शब्द आपसूक आला : कुचारा.

मी स्पॅनिश शिकले ती २००६ ते २००८ अशी दोन वर्षं, संध्याकाळच्या वर्गात. नंतर नोकरी, संसार, आणि स्पॅनिशशी संबंध संपला. गेल्या वर्षी तुर्भ्याच्या आमच्या ऑफिसात चिलीतल्या खरेदीदारांचं काम आलं आणि 'तुला येते ना स्पॅनिश?' असं विचारलं गेलं, तेव्हा 'येत होती' एवढंच तोंडातून निघालं. 'येत होती' हे उत्तर कितपत खरं असतं, याचा शोध घेताना जे हाती लागलं ते लिहिते आहे.

ओठांवर अडलेल्या शब्दापासूनच सुरुवात करू. हार्वर्ड विद्यापीठातल्या रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये यावर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द ओळखायला सांगायचा. ज्यांचा शब्द ओठांवर अडला, त्यांना त्याचं पहिलं अक्षर कोणतं, तो किती अवयवांचा (म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांचा) आहे हे बऱ्याचदा बरोबर सांगता आलं. जी वस्तू घरात नाहीच, तिचा रंग आणि आकार कोण सांगू शकेल? शब्द आत होता, बाहेर यायची वाट अडली होती.

रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी याची नीट मांडणी केली. आठवणीला दोन बळं असतात : ती किती खोल रुजली आहे हे एक, आणि या घडीला ती किती चटकन हाताला लागते हे दुसरं. वापर थांबला की दुसरं बळ ओसरतं. पहिलं बहुतेक तसंच राहतं.

या विषयातला एक गाजलेला अभ्यास नेमका स्पॅनिशवरच झालेला आहे, आणि मला तो फार जवळचा वाटतो. अमेरिकेतल्या हॅरी बाहरिक यांनी १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेली ७३३ माणसं त्यांनी तपासली. कुणी नुकतंच शिकून बाहेर पडलेलं, कुणाला शिकून पन्नास वर्षं उलटलेली. मधल्या काळात बहुतेकांनी स्पॅनिशला हातही लावलेला नव्हता. पहिल्या तीन ते सहा वर्षांत विसरणं झपाट्याने होतं, हे दिसलं. पण मग ते थांबतं. उरलेलं ज्ञान पुढची पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ जसंच्या तसं राहतं, आणि पन्नास वर्षांनंतरही त्याचा मोठा भाग शाबूत सापडतो. या उरलेल्या साठ्याला बाहरिक यांनी दिलेल्या नावाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर 'कायमची कोठी'. ऐंशीच्या घरातली आजी काल काय जेवली ते विसरते आणि पावकी-निमकी मात्र घडाघडा म्हणते, ती याच कोठीतून.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोठीत किती उरतं, हे आधी किती शिकलं होतं यावर ठरतं. दोन-तीन महिने वरवर शिकलेल्याची कोठी जवळजवळ रिकामी असते. पण ज्यांनी वर्ष-दोन वर्षं मनापासून अभ्यास केला, त्यांनी 'सगळं विसरलं' असं म्हणू नये. ते खरं नसतं.

मग पुन्हा शिकायचं कसं? मी पहिल्यांदा जी चूक केली ती बहुतेक सगळे करतात. मोबाईलवर एक ॲप घेतलं आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. 'मुलगा सफरचंद खातो.' पंधरा दिवसांत कंटाळा आला. जे कोठीत होतं तेच पुन्हा आणून ओतत होते, आणि वाट मोकळी करायचं काम बाजूलाच राहत होतं.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये विसरण्याचं पहिलं मोजमाप केलं, तेही स्वतःवर. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायच्या. दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला, हे त्याचं माप. एका दिवसानंतर साधारण ३४ टक्के वेळ वाचत होता, एकतीस दिवसांनंतरही २१ टक्के. अर्थ नसलेली अक्षरं, महिनाभर न पाहिलेली, तरीही पाचवा हिस्सा श्रम वाचतात! मेंदूत याचं काय रूप असावं, याची एक झलक २००९ मध्ये म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत दिसली. उंदराचा एक डोळा काही दिवस झाकला की मेंदूतल्या पेशींवर नवे जोडबिंदू उगवतात. डोळा उघडल्यावर त्यांचं काम संपतं, पण ते झडून जात नाहीत. तोच डोळा पुन्हा झाकला की मेंदू पहिल्यापेक्षा लवकर जुळवून घेतो आणि नवे जोडबिंदू फारसे लागत नाहीत. उंदराचा डोळा आणि माणसाची भाषा यांत अंतर आहे, हे खरं. तरी मला या प्रयोगाने फार धीर दिला.

आता वाट मोकळी करण्याबद्दल. पुस्तक उघडण्याआधी आठवायचं, ही यातली मुख्य गोष्ट आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा आलेला शब्द काहींनी पुढेही पुनःपुन्हा आठवून पाहिला, काही तो नुसता वाचत राहिले. आठवड्याने आठवणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, वाचणाऱ्यांना सुमारे ३६ टक्के. आणि आपल्याला किती येतील याचा दोघांचा अंदाज मात्र सारखाच, निम्म्याच्या आसपास होता. वाचताना 'हे तर येतंय' असं वाटतं, तिथेच माणूस फसतो.

म्हणून मी चिठ्ठ्या केल्या. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापले, एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. परीक्षा घ्यायला शेजारच्या काकू तयार झाल्या. त्यांना स्पॅनिशचा गंध नाही, म्हणून उत्तरं देवनागरीत लिहिली. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटं.

"सांग, मला भूक लागली आहे."

"तेन्गो आम्ब्रे."

"बरोबर. मला आंबा आवडतो."

"मे गुस्ता एल मांगो."

"आणि आंबे?"

"मे गुस्तान लोस मांगोस."

काकूंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "अगं, हे तर आपल्यासारखंच झालं. आवडतो, आवडतात. आंबे वाढले की क्रियापद बदललं."

वीस वर्षांपूर्वी वर्गात हे वाक्य शिकायला आम्हाला आठवडा लागला होता, कारण आम्ही ते इंग्रजीतून शिकत होतो. इंग्रजीत ज्याला आवडतं त्या माणसाला कर्ता करतात. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये आंबा कर्ता असतो, 'मला' म्हणजे 'मे'. काकूंना ते अर्ध्या मिनिटात दिसलं. त्या दिवसापासून मी इंग्रजीची वाट सोडून मराठीतून स्पॅनिशकडे जायला लागले, आणि किती दारं उघडी होती ते कळलं. 'मी आंबा बघते' पण 'मी मुलीला बघते', हा 'ला' आपण न शिकता लावतो. स्पॅनिशमध्येही 'बेओ एल मांगो', पण माणूस आला की 'बेओ आ ला निन्या'. इंग्रजीवाल्यांना हा 'आ' सतत निसटतो. 'बोलतोस'मध्ये 'तू' न म्हणताही कळतो, तसाच 'आब्लास'मध्ये. संस्कृत 'वदसि'मधला 'सि' आणि 'आब्लास'मधला 'स' हे तर एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत. तू आणि आपण, तसं 'तू' आणि 'उस्तेद'. त, द आणि थरथरणारा र आपल्या तोंडात तयारच असतो. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा फरक आपल्याला सहज जमतो.

शब्दांचंही तसंच. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. पोर्तुगीज गेले, शब्द राहिले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, त्यामुळे आपल्या साबणाजवळ 'हाबोन' आहे, पावाजवळ 'पान', बटाट्याजवळ 'पाताता', चावीजवळ 'याबे', आणि पगाराच्या मुळाशी 'पागार' म्हणजे पैसे देणं.

मराठी जिथे मदत करत नाही, तिथे मात्र घाम गाळावा लागतो. आपल्या एका 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळला आहे. खरेदीदाराशी बोलताना ही अदलाबदल महागात पडेल. अशी जोडी वेगवेगळी घोकून उपयोग होत नाही, चिठ्ठ्या एकत्र पिसून प्रत्येक वेळी निवड करावी लागते.

चिठ्ठ्या रोज सगळ्या बघायच्या नाहीत. बाहरिक आणि त्यांच्या घरातल्या आणखी तिघांनी मिळून स्वतःवरच नऊ वर्षं प्रयोग केला, परभाषेतले ३०० शब्द घेऊन. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीस तोड ठरल्या. अर्ध्या श्रमात तेवढंच फळ. अंतर वाढलं की दर वेळी आठवायला जास्त जड जातं, आणि तेच हवं असतं. माझे आता तीन गठ्ठे आहेत, रबरबँड लावलेले : रोजचा, पंधरवड्याचा आणि दोन महिन्यांचा. चुकलेली चिठ्ठी पुन्हा रोजच्यात येते.

ऐकण्याचं दुखणं वेगळं. 'स्पॅनिश लोक फार भरभर बोलतात' ही तक्रार खरी आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये मोजलं तेव्हा स्पॅनिशचे सेकंदाला सरासरी ७.८२ अवयव भरले, इंग्रजीचे ६.१९. मात्र स्पॅनिशच्या प्रत्येक अवयवात माहिती थोडी कमी असते, त्यामुळे माहितीचा वेग जवळपास सारखाच पडतो. मी एका मिनिटाचा एकच तुकडा आठवडाभर ऐकते. तासभर नुसतं कानावर पडू देण्यापेक्षा त्याचा गुण जास्त येतो, असा माझा अनुभव आहे.

वयाबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषक कुटुंबांवर १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत किशोर आणि मोठी माणसं लहान मुलांच्या पुढे होती. मुलं सरशी करतात ती नंतर, मुख्यतः उच्चारात. आणि पुन्हा शिकणाऱ्याचे उच्चार तर तरुणपणीच बसलेले असतात.

एक गोष्ट घडली तर घाबरू नका. स्पॅनिश जोरात सुरू झाली की नेहमीचे इंग्रजी शब्द अडखळायला लागतात. ओरेगन विद्यापीठात २००७ मध्ये हे मोजलं गेलं : चित्रांची नावं स्पॅनिशमध्ये वारंवार सांगितल्यावर त्यांची इंग्रजी नावं आठवायला विद्यार्थ्यांना जास्त जड गेलं. नवी भाषा पुढे यावी म्हणून मेंदू जुन्या भाषेला जरा मागे बसवतो.

परवा चिलीहून फोन आला. मी अकरा मिनिटं बोलले, तीनदा अडले, एकदा आकडा चुकले आणि समोरच्या बाईंनी तो हळूच दुरुस्त केला. संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी सवयीने गठ्ठा उचलला, वरची चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, "चमचा?" मी लगेच उत्तर दिलं. चिठ्ठी दोन महिन्यांच्या गठ्ठ्यात गेली, मागे पेन्सिलीने पुढची तारीख लिहून.